मागं कमी, पुढं जास्त

लातूरच्या बार्शी रस्त्याला वस्ती संपते तिथे एक पडीक रान होतं. सन दोन हजारच्या जानेवारीत त्या रानात रोज सकाळी साडेसातला दोन-अडीचशे माणसं जमायची. कानटोप्या घातलेले डॉक्टर, शिकवणीचे प्राध्यापक, त्यांच्या मागे बारावीची पोरंपोरी आणि पोरांच्या मागे डबे घेऊन त्यांच्या आया. सगळ्यांचे डोळे बापूसाहेबांच्या काठीकडे. बापूसाहेब म्हणजे एका मंडपात बाराशे पोरांना फिजिक्स शिकवणारे क्लासवाले. त्या काळात लातुरात कलेक्टरपेक्षा क्लासवाल्याला जास्त नमस्कार पडायचे. असा माणूस पोट आत ओढून गोल्फची काठी फिरवतोय म्हटल्यावर गर्दी होणारच.

आधी तीन चेंडू साधे मारायचे, पश्चिमेच्या बांधाकडे. मग शरणप्पा नावाचा पन्नाशीचा गडी वहाणा फटफटवत ताडताड चालत जायचा, सगळ्यांत लांबच्या चेंडूपर्यंतची पावलं मोजायचा आणि तिथूनच हाळी द्यायचा, "एकशेधा."

यानंतर सूत्रमहाराज पुढे यायचे. अंगावर भगवी शाल, पायांत पांढरे बूट. ते बापूसाहेबांच्या उजव्या मनगटापासून कमरेच्या पट्ट्यापर्यंत दीड हात काळा दोरा बांधायचे, म्हणजे काठी खांद्याच्या मागे जायलाच नको. मग बापूसाहेबांना फिरवून उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं करायचे. शरणप्पाच्या वहाणा उतरवून त्याच्या हाती पेटत्या निरांजनाचं ताट द्यायचे. सूत्राचा चेंडू म्हणजे प्रसाद, त्याच्याकडे अनवाणीच जायचं, आणि वाटेत निरांजन विझलं तर सूत्र तुटलं, असा नियम होता. बापूसाहेब फटका मारायचे. लोक कपाळावर हात धरून बघायचे, पण सूर्य डोळ्यांत शिरलेला, चेंडू कुठला दिसतोय. शरणप्पा एका हातानं ज्योतीला आडोसा करत, एका पावलाला एक नाम घेत जायचा आणि बऱ्याच वेळानं पलीकडून आवाज यायचा, "एकशेचाळीस." चेंडू उचलून ताटात घालून तोच परत आणायचा. गर्दीतले हात आपोआप जोडले जायचे.

"काठी पाठीमागं लई नेली की ऊर्जा पाठीत सांडते," महाराज सांगायचे. "माणूस मागं मागं जातो म्हणून फसतो. मागं कमी, पुढं जास्त. हे न्यूटनला कळलं न्हाई, आमच्या गुरूला कळलं."

ऊर्जा पाठीत कशी सांडते, हे बाराशे पोरांना फिजिक्स शिकवणाऱ्या माणसानं तरी विचारायला हवं होतं. पण बापूसाहेब मान डोलवत होते. आपला चेंडू तीस पावलं पुढे गेल्यावर कुणाची मान डोलत नाही?

गर्दीपासून लांब, बांधावर एक माणूस उपरणं गुंडाळून बसलेला असायचा आणि त्याची मान डोलत नसे. ते धम्मानंद सर. हायस्कुलात कसरतीचे मास्तर, आणि महिन्यापूर्वीपर्यंत अख्ख्या जिल्ह्यातले एकमेव गोल्फचे गुरू.

लातुरात गोल्फ आला तो भूकंपाच्या मागून. किल्लारीकडे नवी गावं बसवायला खुराणा नावाचे एक दिल्लीचे इंजिनिअर आले होते. सहा फुटी माणूस. दिवसभर घरांचे पाये आखायचे आणि संध्याकाळी मोकळ्या प्लॉटांवर चेंडू मारायचे. धम्मानंद तेव्हा तिथल्या पत्र्याच्या शाळेत होते. ते चेंडू गोळा करू लागले, मग मारू लागले. जाताना खुराणांनी सात काठ्या आणि पोतंभर चेंडू त्यांना देऊन टाकले. पुढे लातुरात क्लासवाल्यांचे आणि डॉक्टरांचे दिवस आले, त्यांना काही तरी मोठ्या लोकांचा खेळ हवा झाला आणि धम्मानंद सरांना मान आला. खुराणांनी शिकवलं तसंच ते शिकवायचे, काठी पार पाठीला शिवली पाहिजे. बापूसाहेब रोज सकाळी थर्मासातला पहिला चहा सरांना द्यायचे. आता तो चहा महाराजांना जाऊ लागला होता, आणि सरांना दुसराही मिळत नव्हता.

सर जळत होते. ते नाकारण्यात अर्थ नाही. बापूसाहेबांचा एखादा चेंडू शेजारच्या ज्वारीत गेला की त्यांना आतून गोड वाटायचं आणि महाराजांचे पांढरे बूट दिसले की तोंड कडू व्हायचं. सहा वर्षं घासून मिळवलेली जागा एका दोऱ्यानं गेली होती. हा चेंडू बदलतो, अशी त्यांची खात्री होती. एकदा त्यांनी बापूसाहेबांच्या चेंडूंवर लाल नखरंगाचे बारीक ठिपके दिले आणि दोन दिवस बांधावरून उठून ताटात डोकावून बघत राहिले. ताटात परत आलेल्या प्रत्येक चेंडूवर ठिपका होता. सर तोंडघशी पडले, आणि ही गोष्ट फुटलीसुद्धा. लोक हसले. मास्तरच्या पोटात दुखतंय, असं चहाच्या टपरीवर उघड बोललं जाऊ लागलं.

पावलांवर मात्र कुणी शंका घेतली नाही, सरांनीसुद्धा नाही. कारण ती पावलं शरणप्पाची होती. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडसाठी जागा वाटायच्या होत्या, मोजणीच्या साखळ्या कमी पडत होत्या, तेव्हा शरणप्पानं गावंच्या गावं पायानं मोजून दिली होती. मागाहून सरकारी साखळी लावली तर शंभर पावलांत वीतभरही फरक निघाला नाही. औशापासून उमरग्यापर्यंत लोक सांगायचे, शरणप्पाचं पाऊल म्हणजे कागदावरची मोजणी. तो आता बापूसाहेबांच्या क्लासात घंटा द्यायचा. त्याच्या पावलाला फीत लावणं म्हणजे त्या माणसाला थोबाडीत मारण्यासारखं होतं.

इथवर हा मोठ्या लोकांच्या करमणुकीचा मामला होता. काठी लांब न्या नाही तर आखूड न्या, कुणाच्या चुलीवर परिणाम होत नव्हता. पण महाराजांना गोल्फमध्ये रस नव्हता, त्यांचं लक्ष मंडपातल्या बाराशे पोरांवर होतं. उजळणी करणं म्हणजे मागं जाणं, असं त्यांनी सांगायला सुरुवात केली. एकदा वाचलेलं पान पुन्हा उघडायचं नाही, मनगटाला सूत्र बांधायचं आणि पुढे जायचं. बापूसाहेबांनी आधी हुशार चाळीस पोरं निवडून त्यांना दोरे बांधले. येत्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर उरलेल्या सगळ्यांना बांधायचं ठरलं. बारावीची परीक्षा तिथून सव्वा महिन्यावर होती.

त्या चाळिसांत मनिषा होती. सरांच्या धाकट्या बहिणीची पोर. किनवटकडच्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहून दहावीला पहिली आलेली, डॉक्टर व्हायचं म्हणून मामाकडे लातूरला आलेली. सरांना हे कळलं ते संध्याकाळी जेवताना. तिनं भाकरी मोडायला हात पुढे केला आणि बाही वर सरकली.

सरांचा घास हातातच राहिला. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली घरातले सगळे गंडेदोरे, ताईत गोळा करून विहिरीत टाकले होते. तेव्हापासून त्या घरात कुणाच्या मनगटाला दोरा चढला नव्हता.

"हे काय हाय?" त्यांनी विचारलं.

"गंडा न्हाई मामा. मी फळ बघून बांधलाय. एकशेधाचे एकशेचाळीस झाले."

"आणि उजळणी?"

"वीस दिवस झाले, बंद हाय."

सरांनी ताट सरकवलं. त्यांनी महाराजाला लबाड म्हटलं, बापूसाहेबांना बावळट म्हटलं, चेंडूत नाही तर काठीत काही तरी गोम आहे म्हणाले. मनिषा शांतपणे ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मामा, तुम्ही जळून राहिले. सगळं लातूर म्हणतंय."

पोरगी बोलली ते खरं होतं, आणि घरातल्याच माणसानं बोलल्यामुळे जास्त लागलं होतं.

"हाव, जळून राहिलो," सर म्हणाले. "पण जळणाऱ्या माणसाचं म्हणणं खोटंच असतंय का?"

"मला काय माहीत. खरं असंल तर मोजून दावा. पण तुम्ही न्हाई मोजायचं. जळणाऱ्यानं मोजलेलं कुणी धरणार न्हाई, आणि भक्तानं मोजलेलं तुम्ही धरणार न्हाई."

कसं मोजायचं ते मग तिनंच वहीत लिहून काढलं. सूत्र जिंकेल याबद्दल तिला शंका नव्हती. मामाचं तोंड एकदाचं बंद व्हावं, एवढीच तिची इच्छा होती. दुसऱ्या दिवशी तिनं ती वही बापूसाहेबांपुढे ठेवली. बापूसाहेबांना कल्पना फार आवडली. फितीनं मोजलेला चमत्कार क्लासच्या जाहिरातीत छापता आला असता. महाराजांनी मात्र नाक मुरडलं. श्रद्धेची परीक्षा घेऊ नये म्हणाले, मत्सरी माणूस मैदानात नको म्हणाले. पण पोरीचा विश्वास बघा म्हणून बापूसाहेबांनी त्यांचीच समजूत काढली.

रविवारी सकाळी रानात नेहमीच्या दुप्पट गर्दी होती. मनिषानं फटके उत्तरेला मारायला सांगितले, म्हणजे बांध आडवा येणार नाही आणि सूर्यही डोळ्यांत जाणार नाही. एकूण पंधरा चेंडू. पाच बिनदोऱ्याचे, पाच महाराजांच्या सूत्राचे आणि पाच किराणा दुकानातून आणलेल्या, तेवढ्याच लांबीच्या साध्या काळ्या दोऱ्याचे. कोणत्या पाकिटात कुठला दोरा, ते लिहिलेली चिठ्ठी पोरांची खानावळ चालवणाऱ्या केवळाबाईच्या मुठीत होती. कधी बांधायचा, कधी नाही, तेही चिठ्ठ्या उचलून. चेंडू पडला की तिथे पांढऱ्या फक्कीचा ठिपका मारायचा. शाळेची पन्नास मीटरची फीत आणली होती. शून्याचं टोक सरांनी धरायचं आणि आकडा शरणप्पानं वाचायचा.

बापूसाहेब घामाघूम झाले, पण पंधरा चेंडू मारले. आकडे मनिषा वहीत लिहीत गेली. शेवटी केवळाबाईची चिठ्ठी उघडून तिनं सरासरी काढली, पुन्हा एकदा काढून पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला.

बिनदोऱ्याचे चेंडू सरासरी नव्व्याण्णव मीटर गेले होते. किराणा दुकानाच्या दोऱ्याचे पंच्याण्णव. महाराजांच्या सूत्राचे चौऱ्याण्णव.

गर्दीत चुळबुळ झाली. धम्मानंद सरांच्या छातीत आनंद मावेना. त्यांनी महाराजांच्या बुटांकडे बघून घेतलं आणि बोलायला तोंड उघडलं. पण मनिषा तिथेच थांबली नव्हती. तिनं बोट करून रानातले फक्कीचे ठिपके दाखवले. बिनदोऱ्याच्या पाचांतले तीन डाव्या अंगाला ज्वारीत शिरले होते. दोन्ही दोऱ्यांचे दहाच्या दहा एका बैलगाडीच्या वाटेइतक्या पट्ट्यात पडले होते.

"काठी मागं कमी नेली तर चेंडू लांब जात न्हाई, थोडा कमीच जातो. पण सरळ जातो," ती म्हणाली. "कुठला का दोरा असंना. आणि मामा, तुम्ही सगळ्यांना काठी पाठीला शिववायला लावता ते नवख्या माणसाला सोसत न्हाई. ते खुराणा साहेबाच्या उंचीला सोसत असंल."

भर मैदानात, महाराजांच्या देखत, सख्ख्या भाचीनं सरांचं सहा वर्षांचं शिकवणं चुकीचं ठरवलं होतं, आणि फितीचं टोक त्यांच्याच हातात होतं.

तेवढ्यात बापूसाहेबांनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं. मग रोजचे एकशेचाळीस कुठून येत होते?

महाराज तयारच होते. मत्सराची नजर पडली की सूत्र निजतं, असं त्यांनी ठासून सांगितलं आणि सरांकडे हात केला. दहा-वीस माना हलल्याही. मनिषा मात्र दुसरीकडेच बघत होती. सूत्राचे चेंडू होते म्हणून अनवाणी आलेला शरणप्पा फीत गुंडाळता गुंडाळता वाकून तळपायातला सराटा काढत होता.

"शरणप्पाकाका, पंच्याण्णव मीटरवरच्या त्या ठिपक्यापर्यंत जरा पावलं मोजता का? आधी वहाणा घालून."

शरणप्पा ताडताड गेला आणि हाळी दिली, "एकशेसहा."

"आता ताट घेऊन. रोजच्यासारखं."

महाराज चटकन आडवे आले. ताट म्हणजे खेळणं नव्हे, निरांजनाचा अपमान होतो, म्हणू लागले. पण शरणप्पानं वहाणा काढल्या होत्या. त्यानं स्वतःच निरांजन पेटवलं, ज्योतीला हाताचा आडोसा केला आणि निघाला. सराटे चुकवत, वाऱ्याला पाठ देत, एका पावलाला एक नाम. सगळ्यांचे डोळे पहिल्यांदाच त्याच्या पायांकडे बघत होते. ठिपक्यापाशी पोचल्यावर तो थांबला. नेहमीची हाळी आली नाही. तो तसाच ताट घेऊन परत आला आणि बापूसाहेबांसमोर उभा राहिला.

"एकशेचाळीस," तो हळू म्हणाला. "जागा तीच हाय, साहेब. पाऊल बारीक पडून राहिलंय. ज्योत विझू नये म्हणून, काटा लागू नये म्हणून. मला कळलंच न्हाई. गावंच्या गावं मोजली मी. भूकंपात सगळं पडलं, माझं पाऊल खोटं पडलं न्हाई." त्यानं ताट महाराजांच्या हातात दिलं. "तुम्हाला माहीत होतं. म्हणून माझ्या वहाणा काढल्या."

आता कोडं लहान पोरालाही सुटलं असतं. सूर्याकडे तोंड कशासाठी, तर चेंडू कुठे पडला ते दिसू नये म्हणून. प्रसादाचा चेंडू शरणप्पानंच उचलायचा, म्हणजे दुसरं कुणी तिथवर जायला नको. आणि ताट, निरांजन, अनवाणी पाय हे सगळं नव्वद सेंटिमीटरचं पाऊल अडुसष्टावर आणण्यासाठी. खोटं बोलायला लबाड माणूस लागतो, पण ते पसरवायला सूत्रमहाराजांनी जिल्ह्यातला सगळ्यांत खरा माणूस निवडला होता. आणि धम्मानंद सर महिनाभर बांधावर बसून त्यांच्या हातांकडे, बुटांकडे आणि चहाकडे बघत राहिले होते. शरणप्पाच्या पायांकडे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

महाराज अजून मत्सर, मत्सर करत होते. तेव्हा सर पुढे आले.

"मत्सर हाय," ते म्हणाले. "मला तुमचा लई मत्सर वाटला, महाराज. तुमचा चहासुद्धा बघवत नव्हता. म्हणूनच ह्या पोरीनं आकडा वाचायचं काम मला दिलं न्हाई. आणि मागच्या झोक्याचं मी चुकीचं शिकवत होतो, तेबी आज निघालं. बापूसाहेब, उद्यापासून काठी खांद्याच्या मागं नेऊ नका."

बापूसाहेबांनी खाली बघत कमरेचा दोरा सोडला. महाराजांची जीप दुपारच्या आत बिदर रस्त्याला लागली. बूट नेले, ताट राहिलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, पण दोरे बांधले गेले नाहीत. बापूसाहेबांनी मंडपात माइक हातात घेतला, दोनदा घसा खाकरला आणि तो मनिषाकडे दिला. बाराशे पोरं खाली बसली होती. त्यांतल्या एकोणचाळीस जणांच्या मनगटावर अजून दोरा होता. इतके दिवस बांधलेला सोडायचा म्हणजे आपण फसलो हे कबूल करायचं, आणि हुशार पोराला ते फार जड जातं.

"मी पण बांधला होता," मनिषा म्हणाली. "मला कुणी फसवलं न्हाई, मी आकडा ऐकला आणि फसले. तो कुणी मोजला, कशानं मोजला, हे विचारलंच न्हाई. तुम्हाला कुणी चमत्कार सांगितला तर एवढंच म्हणा, आम्हाला परत मोजू द्या. ज्याचं खरं असंल तो मोजू देईल. मोजणारा माझा मामा असला तरी त्याचंबी मोजा." ती थांबली. मागच्या बाजूला उभ्या असलेल्या धम्मानंद सरांना वाटलं, आता ही रडणार. पण तिनं वही उघडली. "माझे तेवीस दिवस गेले. काल वाचलेलं आज आठवत न्हाई. परीक्षा पुढं ढकलणारा दोरा कुणाजवळ न्हाई. सोडा आणि मागची पानं काढा."

पुढच्या रांगेतल्या एका पोरानं दातांनी गाठ सोडली आणि रसायनशास्त्राचं पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं.